एवढुसंच दिलं होतं

पूर्वीच्या कुत्र्यांना पोट नव्हतं. निदान आमच्या गावच्या घरी जो मोत्या होता, त्याला ते असल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका बाजूला तोंड होतं, दुसऱ्या बाजूला शेपूट होती, मधलं जे काही असेल ते त्याचं तो बघून घ्यायचा. शिळी भाकरी, आमटीचा तळ, गोठ्यातलं काहीबाही, शेजारच्या बारशाच्या पत्रावळी, सगळं त्या मधल्या भागात रवाना व्हायचं. कधी बिनसलंच तर मोत्या दोन दिवस परड्यात गडप व्हायचा आणि तिसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला हजर असायचा. एखादा मोत्या तिसऱ्या दिवशीही यायचा नाही. मग कुणीतरी "गेला वाटतं बिचारा" म्हणायचं आणि पावसाळ्यानंतर नवा मोत्या यायचा. नाव तेच राहिल्यामुळे आमचा मोत्या तीस-पस्तीस वर्षं जगला अशी घरात समजूत आहे. "आमच्या मोत्याला कधी काही झालं नाही, दगड पचवायचा" हे विधान याच भक्कम पुराव्यावर उभं आहे.

ब्रुनोला मात्र पोट आहे. आमच्या सोसायटीत ब्रुनो, कोको, सिंबा आणि ऑस्कर अशी चौकडी नांदते आणि चौघांनाही स्वतंत्र पोटं आहेत. परड्यात जाऊन आपलं आपण निस्तरायची सोय त्यांना नाही, कारण परडंच नाही. बाग आहे, पण तिथे पाटी आहे.

मला स्वतःला कुत्रं नाही. पण माझी मावसबहीण जनावरांची डॉक्टर आहे ही बातमी एका कोजागिरीला गच्चीवर फुटली, आणि तेव्हापासून ताईची फी वाचवण्याचा जो काही मार्ग असेल तो माझ्या दारावरून जातो. माणसं थेट येत नाहीत, आधी फोटो येतो. सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा तर फोन वाजतो, आणि पडद्यावर हिरवळीच्या पार्श्वभूमीवर ऑस्करचं ताजं उत्पादन अवतरतं. खाली मजकूर असतो, "सर, हे नॉर्मल आहे का?" माणसं सज्जन आहेत, काही जण वर 'शुभ सकाळ'सुद्धा घालतात. माझ्या फोनमध्ये आता मुलीच्या लग्नाचे आणि ऑस्करच्या जुलाबांचे फोटो सरमिसळ झाले आहेत. पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवताना मी अंगठा फार जपून सरकवतो.

या विषयावर आपली मंडळी किती मोकळेपणाने बोलतात, हे ऐकण्यासारखं आहे. ब्रुनोचे आजोबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाशी सहीच्या नमुन्यापलीकडे खाजगी बोलणं केलं नसेल. परवा लिफ्टमध्ये चार अनोळखी माणसं असताना त्यांनी मला विचारलं, "काल पिठल्याइतकं घट्ट होतं, आज वरणावर आलंय. काय समजायचं?" लिफ्टमधली एक बाई दुसऱ्या मजल्यावर उतरली. तिला पाचव्या मजल्यावर जायचं होतं.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, यासाठी रीतसर तक्ता असतो. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, आणि निरोगी कुत्र्याने दोनच्या आसपास राहावं. तो तक्ता मी भोळेपणाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आता लोक वर्णन करत नाहीत, गुण कळवतात. "सिंबा आज साडेचार." सोसायटीतल्या एका मुलाला दहावीला पंचाण्णव टक्के मिळाले ती बातमी त्याच दिवशी सिंबाच्या साडेचाराखाली दबून गेली.

पण ताईला गुणांपेक्षा भलतीच माहिती हवी असते. दिवसातून किती वेळा, आणि एका वेळी किती? दर पंधरा मिनिटांनी दारापाशी जाऊन, कुंथून, चमचाभर शेंबडासारखं काही टाकून येत असेल, वर ताज्या रक्ताची एखादी रेघ असेल, तर बिघाड खाली, मोठ्या आतड्यात. दोन-तीनदाच पण बदाबदा होत असेल तर तो वर, लहान आतड्यात. डांबरासारखं काळं आणि चिकट झालं तर वरच्या बाजूला कुठेतरी रक्त जातंय, आणि मग फोटो काढत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची. हे सगळं ती जेवताना सांगते. तिच्या घरच्यांना सवय आहे, मला अजून व्हायची आहे.

उलटीचं प्रकरण आणखी रंगतदार आहे. मी ब्रुनोच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. पहाटे तीन-साडेतीनला वरून "हप्... हप्... हप्..." असा आवाज सुरू होतो. ज्या घरात कुकरच्या शिट्टीने, गजराने किंवा पाणी आल्याच्या हाकेने कुणी हलत नाही, ते अख्खं घर या आवाजाला एका क्षणात उभं राहतं. मग धावपळ, "गालिचा! गालिचा काढा!" अशी आरोळी, आणि थोड्याच वेळात "गेला गालिचा" अशी शांतता. घरभर धुवायला सोपी फरशी पसरलेली असताना कुत्रं ओकायला तेवढा एकच चार बाय सहाचा तुकडा का निवडतं, याचं उत्तर ताईकडेही नाही. असलं तरी तिने मला दिलेलं नाही.

पोट आत-बाहेर होऊन, लाळ गाळून, ओठ चाटून मग बाहेर आलं तर ती उलटी. खाली मान घातली आणि नुकतंच खाल्लेलं जसंच्या तसं नळीसारखं घरंगळलं, तर ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच परत आलेलं असतं. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून डॉक्टर हे खोदून खोदून विचारतात. पहाटेचा पिवळा फेस म्हणजे बहुतेक वेळा रिकाम्या पोटात चढलेलं पित्त. एवढंच असेल आणि बाकी कुत्रं मजेत असेल, तर रात्री झोपताना त्याच्याच खाण्यातले चार घास दिले की पुष्कळदा थांबतं. ब्रुनोच्या घरी हे सांगितलं, तर चार घासांची आता रीतसर चौथी पंगत झाली आहे.

गवत खाल्लं की पोट बिघडलंय, हाही आपल्याकडचा ठाम सिद्धांत. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००८ साली जे छापलं, त्यात गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री दहातलं एखादंच निघाली आणि नंतर ओकणारी पाचातलं साधारण एक. बाकीची गवत खातात कारण त्यांना गवत खायचं असतं. ही माहिती मी ऑस्करच्या काकांना दिली. ते म्हणाले, "अमेरिकेतलं गवत वेगळं असेल."

उलटी पुसून झाली की चौकशी बसते. माझ्या मते कुत्र्याच्या पोटदुखीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेक घरं तो खोट्या साक्षींवर उरकतात. कुणी काय दिलं? पहिली फेरी कोरी जाते. कुणीच काही दिलेलं नसतं. दुसऱ्या फेरीत आजी म्हणतात, "मी कशाला देऊ बाई त्याला? पोळीचा कोपरा तेवढा. तो बघत होता ना!" मग आजोबा सकाळच्या चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट कबूल करतात, पण बिस्किटाला खाणं म्हणत नाहीत या मुद्द्यावर ते ठाम असतात. नातू चीजचा तुकडा मान्य करतो. स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात, मी कशाला देऊ, ती तर खाली पडलेली भजी होती. प्रत्येकाने एवढुसंच दिलेलं असतं. बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून ते एवढुसं दाखवलंही जातं. सहा माणसांची सहा एवढुशी ज्या एका पोटात जमा होतात, ते पोट चौकशीच्या वेळी कोपऱ्यात बसून प्रत्येक साक्षीदाराकडे आशेने बघत असतं.

साधारण दहा किलोच्या, घरात लोळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी पुरतात. तूप सोडलेली एक पुरणपोळी तीनशेच्या घरात जाते. म्हणजे होळीला ब्रुनोला 'अर्धीच' दिली, तेव्हा माणसाच्या हिशोबात आजोबांनी एका बैठकीत दोन-अडीच पोळ्या जास्तीच्या ओढल्या. आजोबांनी तशा ओढल्याही होत्या, पण त्यांना पाचक चूर्ण मिळालं.

तुपाचं दुखणं नुसत्या वजनाचं नाही. एकदम भरपूर स्निग्ध पोटात गेलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि हे दुखणं साधं नाही. उलट्या, खाण्यावरून उडालेलं मन, आणि पोटात अशी कळ की कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून, छाती खाली आणि मागचा भाग वर ठेवून उभं राहतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ऑस्करचा असाच व्हिडिओ ग्रुपवर आला. तो देवघरासमोर पुन्हा पुन्हा वाकत होता. खाली मजकूर होता, "आमचा ऑस्कर पाडव्याचा नमस्कार करतोय." हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी तो कौतुकाने ताईला पाठवला, तर तिचा उलट फोन आला, "याला उलट्या होतायत का विचार, आणि असतील तर आत्ता निघा म्हणावं." होत होत्या. ऑस्करने चकल्यांचा डबा पाहिला होता. खेळायला बोलावतानाही कुत्री अशी वाकतात, पण तेव्हा शेपूट हलत असते आणि लगेच उड्या सुरू होतात. ऑस्करच्या शेपटीकडे ग्रुपवर कुणी पाहिलंच नव्हतं, सगळे पणत्यांकडे बघत होते. तो सलाइनवर राहून बरा होऊन आला. चकल्या कुणी केल्या होत्या यावरून अजून बोलणी सुरू आहेत.

आपल्याकडे कुत्र्याला खाऊ घालण्यामागे परंपराही भक्कम आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. नामदेवांची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे, कुत्र्याने भाकरी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला होता. आपल्याला ब्रुनोत ब्रुनोच दिसतो, तरी आपण वाटी घेऊन धावतो. शिवाय त्या कथेतला कुत्रा निदान पळत तरी होता.

प्रसादाचं तर विचारूच नका. प्रसादाला नाही म्हणू नये हा नियम चारही पायांना लागू केला जातो. सत्यनारायणाच्या शिऱ्यात तूप आणि साखर आहे ते एक वेळ सोडा, त्यात बेदाणे आहेत. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा देता येत नाही. एक कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात आडवं होतं, म्हणून मोजायच्या भानगडीत न पडता अजिबात द्यायचे नाहीत. चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, कांदा आणि लसूण हेही याच पंगतीतले. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो मटणाच्या रश्श्यातला असो की फोडणीतला. हे सगळं समजावून सांगितल्यावर कोकोच्या आजी म्हणाल्या, "तरीच! आम्ही चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही ते उगाच नाही." त्या क्षणापासून कोको चातुर्मास पाळतो. बारा महिने पाळायला हवा, पण सुरुवात तरी झाली.

चौकशी निष्फळ ठरली की औषधोपचार सुरू होतात, आणि इथे मराठी घर आपल्या खऱ्या उंचीला पोचतं. ओवा, सुंठ, हिंग, धन्या-जिऱ्याचं पाणी, इसबगोल, ताक, उगाळलेलं जायफळ, आणि कशालाच गुण आला नाही तर मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट. यांपैकी कुत्र्याला निर्विवाद निर्धोक म्हणता येईल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दृष्ट. ताईसुद्धा तिच्या आड येत नाही, फक्त मोहरी कुत्र्याच्या पोटात जाणार नाही हे बघा म्हणते. जायफळ जास्त झालं तर कुत्र्याला विषबाधा होते, त्यामुळे बाळगुटीची सहाण त्याच्यापुरती बासनात ठेवावी.

खरा धोका मात्र औषधांच्या डब्यात असतो. प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात अर्ध्या फाडलेल्या पाकिटांत, नावं फाटलेल्या गोळ्या असतात. कुत्रं माणसाच्या अर्ध्या उंचीचं, म्हणून गोळी अर्धी, इतकं सरळ गणित असतं. पण आपण कंबर धरली की घेतो त्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जायबंदी होतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृतावर आणि रक्तावर उठतं. जुलाब थांबवायची आपली गोळी कोलीसारख्या काही जातींत मेंदूपर्यंत पोचते आणि कुत्रं झोकांड्या खायला लागतं. 'अर्धीच दिली' हे वाक्य ताईला जितकं घाबरवतं तितकं कुठलंही भुंकणं घाबरवत नाही.

गंमत म्हणजे हा व्यवहार एकेकाळी उलटा चालायचा. पावलोव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आठवते, पण त्याला १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि तेही बरंचसं कुत्र्यांच्या जिवावर. कुत्र्यांच्या जठरातून निघणारा पाचक रस गोळा करून, गाळून, सेंट पीटर्सबर्गमधली त्याची प्रयोगशाळा तो बाटल्यांत भरून विकायची. अपचन झालेली माणसं तो औषध म्हणून प्यायची. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसाचं पोट बिघडलं तर कुत्र्याचा रस, आणि आज कुत्र्याचं पोट बिघडलं तर माणसाचं चूर्ण. त्या गावात पुढे कुत्र्याचं स्मारक उभारलं गेलं. आपल्या चूर्णांवर सोसायटीतली कुत्री काय उभारतील, कल्पना करवत नाही.

दुधाबद्दल बोललं की घरात वाद होतात, तरी बोलायला हवं. आजारी माणसाला दूध-भात, म्हणून आजारी कुत्र्याला दूध-पोळी, हे आपल्या हाडात आहे. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि जुलाबांवर दूध दिलं की जुलाबांचा दुसरा अंक सुरू होतो. साधं आंबलेलं दही चमचाभर त्यामानाने पचतं. भाताच्या बाजूने मात्र विज्ञान उभं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढून कुत्रं भात-भाकरीला सरावलं. ब्रुनोच्या आजींना हे वाचून दाखवलं. "हे बघायला स्वीडनला कशाला जायला हवं होतं? आमच्या मोत्याला विचारायचं," असं त्या म्हणाल्या. इथे आजींचा मुद्दा बिनतोड आहे.

दवाखान्यात गेल्यावर नवं दुःख होतं. ताई तपासते. गुदद्वारात थर्मामीटर घालते (कुत्र्याचा ताप आपल्या मापाने मोजायचा नाही, एकशे एक ते एकशे अडीच फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच), हिरड्या बोटाने दाबते, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडते. हिरड्या ओल्या आणि गुलाबी असल्या, कातडी चटकन जागेवर गेली, तर अंगात पाणी आहे. हिरड्या चिकट झाल्या, कातडी उभीच राहिली, तर पाणी घटलंय आणि ते आधी भरायला हवं. एरवी धडधाकट मोठ्या कुत्र्याचं साधं बिघडलेलं पोट बहुधा दोन-तीन दिवसांत आपसूक ताळ्यावर येतं, त्यासाठी दर वेळी प्रतिजैविकं लागत नाहीत, असं सांगून ती घरी पाठवते. माणसं हिरमुसतात. "इंजेक्शनसुद्धा नाही?" सिंबाचे पप्पा तर जिन्यात मला म्हणाले, "तुमची बहीण शिकलेली आहे ना नक्की?" आमच्या वेळी जनावरांना कुठे डॉक्टर होते, असंही आजोबा लोक तिथे म्हणतात. होते की! मुंबईत परळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज १८८६ सालापासून आहे. आजोबांच्याही आजोबांनी मोत्याला नेला असता तर चाललं असतं, पण तेव्हा मोत्याला पोट नव्हतं.

मग येतो पथ्याचा आहार. उकडलेली कोंबडी, कातडी आणि हाडं काढून, आणि मऊ शिजवलेला भात, मीठ नाही, हळद-तिखट नाही, फोडणी नाही. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी घटाघटा पिऊ द्यायचं नाही, कारण भरलेलं पोट लगेच उलटतं, म्हणून तेही थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. दोन दिवसांनी संडास बांधून आलं की नेहमीचं खाणं हळूहळू मिसळत चार-पाच दिवसांत पूर्ववत.

लिहायला हे चार ओळींत होतं. कोकोच्या घरात हे घडायला एक पूर्ण संध्याकाळ लागली, कारण त्या घरात चार पिढ्यांत अंडंही शिरलेलं नाही. कोंबडी आणायची कुणी, शिजवायची कुठे, कोणत्या भांड्यात, आणि नंतर त्या भांड्याचं काय करायचं? आजींनी निर्णय दिला की जीव वाचवायला चालतं, पण उंबऱ्याच्या आत नाही. मग बाल्कनीत इंडक्शनची शेगडी गेली, रंगकामाला घेतलेलं जुनं पातेलं घासून चकचकीत झालं, वॉचमन कोंबडी घेऊन आला आणि देखरेखीला सासरे बसले. मी ताईला विचारून, लाल भोपळा, उकडलेला बटाटा आणि कमी स्निग्धांशाचं पनीर भाताबरोबर दिलं तरी चालतं, असा निरोप घेऊन वर गेलो. निरोप ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, सासरे सोडून. ते म्हणाले, आता इतकं शिजलंय तर वाया कशाला घालवायचं. कोकोने त्या दिवशी वाडगाभर खाल्लं. पातेल्यात जितकं शिजलं आणि वाडग्यात जितकं आलं याचा मेळ सुनेला अजून लागलेला नाही, आणि सासरे कोकोच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करतात. "आज जरा मलूल वाटतोय का गं?"

कुत्रंही हुशार असतं. एकदा का बिघडलेल्या पोटावर कोंबडी-भात येतो हे त्याला कळलं की ते नेहमीच्या दाण्यांकडे पाठ फिरवून, भिंतीला नाक लावून पडतं. ब्रुनोने असं करून आठवडाभर भात उकळला. शेवटी ताईने त्याच्यासमोर दाण्यांचं भांडं ठेवलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दहा मिनिटांत भांडं चाटून पुसून स्वच्छ. घरच्यांना आनंद झाला नाही, त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

काही प्रसंगी मात्र ताई चेष्टा ऐकून घेत नाही. पिल्लाला उलटी-जुलाब सुरू झाले की ती दोन-तीन दिवसांची भाषा बोलत नाही. १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला पार्व्हो अजून आहे, तो रक्ताचे जुलाब करून लस न टोचलेलं पिल्लू बघता बघता नेतो. दीड-दोन महिन्यांचं झाल्यापासून चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचायची ती याच भीतीने. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्याला ओकारीचे उमाळे येत असतील पण बाहेर काहीच पडत नसेल, आणि पोट फुगून टणक लागत असेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. 'गॅस झालाय, ओवा द्या' म्हणणाऱ्याला बाजूला सारून कुत्र्याला उचलायचं, कारण हाताशी काही तासच असतात. पोटात गेलेलं पाणीसुद्धा ठरत नसेल, कुत्रं हाकेला मान उचलत नसेल, तरी थांबायचं नाही.

आणि मे-जूनमध्ये ताईच्या दवाखान्यात येणारं खास आपलं दुखणं म्हणजे आंब्याची कोय. आमरस झाल्यावर कोय चाटायला देणं हे प्रेमाचं परमोच्च शिखर, पण चाटता चाटता ती सुळकन आत जाते. नुसती जाऊन थांबत नाही, कधी दिवसेंदिवस पोटात लोळते आणि मग आतड्यात उतरून बुचासारखी बसते. सिंबाचं पोट अशाच एका कोयीपायी उघडावं लागलं. तो शुद्धीवर आल्यावर घरच्यांनी विचारलेला पहिला प्रश्न सिंबाबद्दल होता. दुसरा प्रश्न सिंबाच्या पप्पांनी विचारला, "कोय हापूसची होती की पायरीची?" आणि ती हापूसची नसल्याचं समजल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

गेल्या महिन्यात ब्रुनोचं पोट पुन्हा बिघडलं, तेव्हा ताईने औषधाच्या चिठ्ठीवर एकच ओळ लिहून दिली, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: 'याला कुणीही काहीही देऊ नये.' घरच्यांनी ती चिठ्ठी इमानाने फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली. पुढच्या आठवड्यात मी विरजण मागायला वर गेलो, तेव्हा त्या ओळीखाली बँकेतल्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने कंस होता, '(बिस्किट वगळून)'. त्याखाली किरट्या अक्षरात 'पोळीचा कोपरा चालतो, मी विचारलंय'. कुणाला विचारलंय ते लिहिलं नव्हतं. सर्वांत खाली, स्केचपेनने, नातवाने रकाने आखून तारखा घालायला सुरुवात केली होती, आणि पहिल्याच रकान्यात चीजचं चित्र होतं.